न पडलेला कौल

जाखणगडाच्या नगारखान्यात रोज झुंजुमुंजू होताच चौघडा झडे. त्या दिवशी तो झडला नाही. दरीतले धुके विरळ होत गेले, समोरच्या टेकाडावरचे मोगली मोर्चे एकेक करून दिसू लागले, आणि अखेर त्या मोर्च्यांच्या पुढे, गडावरची गोळी पोहोचणार नाही अशा बेताने ओढून आणलेली एक मोठी तोफ आणि तिच्या गाड्याला जखडलेला एक माणूस उजेडात आला, तेव्हा तटावर उभ्या असलेल्या गडकऱ्यांनी माना खाली घातल्या. तो माणूस किल्लेदार निळोजीराव ढवळे यांचा धाकटा भाऊ खंडोजी होता.

त्याच तोफेच्या कानात खिळे ठोकून ती निकामी करण्यासाठी खंडोजी आदल्या रात्री निवडक माणसांनिशी गड उतरला होता. त्याला पाठवले होते निळोजीरावांनीच. बरोबरची माणसे पडली आणि खंडोजी तेवढा जिवंत सापडला.

उन्हे वर आली तसा वेढा घालून बसलेल्या मोगली खानाचा वकील पांढरे निशाण घेऊन दरवाज्याखाली आला.

"किल्लेदारसाहेब," तो अदबीने म्हणाला, "सूर्य माथ्यावर येईतो दरवाजा उघडावा. खानसाहेब आपल्या बंधूंना सन्मानाने आपल्या हाती देतील. न उघडल्यास त्यांना तोफेच्या तोंडी द्यावे लागेल. खानसाहेबांना त्याचा खेद होईल."

"आणि गडावरच्या बायकापोरांचे काय?"

"त्यांना अभय आहे."

हेच अभय शेजारच्या गडालाही मिळाले होते, आणि दरवाजा उघडल्यावर तिथली बायकापोरे साखळदंडांत गेली होती. निळोजीरावांना ते ठाऊक होते. पण खंडोजी तान्हा असतानाच आई गेली होती, आणि तेव्हापासून त्याला खांद्यावर घेऊन ज्याने वाढवले, त्या माणसाच्या छातीत त्या क्षणी किल्लेदार उरला नव्हता. नुसता भाऊ उरला होता.

जाखणगडाची रीत अशी की गड लढवावा की सोडावा हे ठरवायची वेळ आली, तर जाखमातेला कौल लावायचा. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटाने फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणे घालायचे. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. निळोजीराव ह्या रीतीला कधी आडवे गेले नव्हते, पण तलवारीच्या भरवशावर जगलेला हा गडी देवळात येई तो सणासुदीला, मानाचा नारळ घ्यायला. देवी म्हणजे गडावरची एक जुनी मानकरी, एवढाच त्यांचा हिशेब.

गाभाऱ्यात धोंडू गुरव एकटाच होता. निळोजीराव त्याच्याजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "दरवाजा उघडू का, असे विचारायचे आहे. उजवी पाकळी पडली पाहिजे."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिले. "पाडतो की, सरकार. उजवीला पाणी कमी लावलं की झालं. हात तुमचा चाकर हाये. पन मग तिला काई इचारायला तुमाला तोंड राहायचं नाही. आन आज तुमाला तिच्याबिगर कोन हाये?"

निळोजीरावांनी कमरेची तलवार सोडून भिंतीशी ठेवली. "सारख्याच लाव," ते म्हणाले.

सभामंडप गडकऱ्यांनी भरला होता. 'दरवाजा उघडावा का?' असा प्रश्न ठेवून गुरवाने पाकळ्या लावल्या आणि तो बाजूला सरला. "गाऱ्हाणं तुमी घाला, सरकार. रगत तुमचं हाये."

बारा मावळचे पाणी प्यायलेला तो किल्लेदार देवीपुढे हात बांधून उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून शब्द आले ते असे: "जाखमाते, आमचे बंधू खंडोजी दुपारच्या आत सोडवून आणावेत. कसूर होऊ नये."

रीतीप्रमाणे लोकांनी 'होय गे आई' म्हणायचे होते. कोणी म्हटले नाही. हुकमाला होय कोण म्हणणार?

निळोजीरावांना आपली चूक कळली. आयुष्यभर त्यांनी हुकूम सोडले होते किंवा हुकूम झेलले होते. मागायचे कसे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. त्यांचे गुडघे वाकले. कपाळ दगडाला लागले.

"आई," ते म्हणाले, आणि आवाज फुटला. "मला काही सुचत नाही. त्याला मी पाठवला. दरवाजा उघडला तर ही सगळी जातात, न उघडला तर तो जातो. माझ्याच्याने हे उचलत नाही. तू हात दे."

"होय गे आई," सारा मंडप म्हणाला. कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

मग सगळे पाकळ्यांकडे पाहत बसले. समईची वात दोनदा सारावी लागली. उजवी हलली नाही आणि डावीही हलली नाही. बाहेर सावल्या पायांशी आल्या, तेव्हा धोंडू गुरव कापऱ्या आवाजात म्हणाला, "देत नाही, सरकार. कवा कवा ती देत नाही."

निळोजीराव उठले. तलवार तिथेच राहिली. ते बुरुजावर गेले आणि वकिलाला म्हणाले, "खानांना सांगा, गड माझा नाही. मला तो देता येत नाही." आता तोफेच्या तोंडी बांधलेल्या खंडोजीने वर पाहिले की नाही, हे एवढ्या लांबून कोणालाच दिसणे शक्य नव्हते. पण पुढे गडावरच्या प्रत्येकाने ते आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले. तोफ उडाली. निळोजीरावांनी तोंड फिरवले नाही.

पंधरवड्याने कुमकेची फौज घाटावर आल्याची खबर लागून खानाने वेढा उठवला. गडावर साखर वाटली गेली, आणि त्याबरोबर एक गोष्टही घरोघर गेली, की डावी पाकळी पडली होती; देवीनेच खंडोजीचा बळी मागून गड राखला. गोष्ट सोयीची होती. तिच्यामुळे किल्लेदाराच्या माथ्यावरचे ओझे अलगद उतरत होते.

निळोजीराव आधी देवळात जाऊन आले आणि मग खंडोजीच्या घरासमोर उभे राहिले. खंडोजीची बायको सगुणाबाई कधी थोरल्या दिरासमोर आली नव्हती. ती दाराआडून बोलली.

"दादासाहेब, देवीनं त्यांना मागितलं, असं म्हणतात."

"नाही, बाई. देवीने काहीच सांगितले नाही. पाकळी पडली नाही. दरवाजा उघडायचा नाही, हे मी ठरवले."

"मग हे सांगायला कशाला आलात?"

"यायचे धैर्य नव्हते. आत्ता तिच्याकडून तेवढे मागून घेतले."

दार बंद झाले. आत कडी लागली. निळोजीराव गेले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ते त्या पायरीवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "आई, आता पुढे काय करू?"

उन्हे कलती झाली तेव्हा कडी निघाली. सगुणाबाई डोईवरचा पदर पुढे ओढून बाहेर आली, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली, आणि तिनेही हात जोडले.