डावीकडची खूण

धरणाच्या भिंती तपासणं हे माझं काम. भेग दिसली की ती जुनी की ताजी, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे खुणांच्या बाबतीत माझी नजर सहसा फसत नाही.

भिंतींकडे जाणारे रस्ते अर्धे डांबरी, अर्धे नुसते दगडगोटे. म्हणून दोन्हीकडे चालेल अशी उंच मोटरसायकल घेतली, सहा वर्षं जुनी. विकणारे निवृत्त चित्रकला शिक्षक. कंबरदुखीमुळे गाडी फारशी बाहेर काढलीच नाही, वर काही जोडलंही नाही, असं त्यांनी सांगितलं. तरी मी सवयीने सगळीकडून फोटो काढून घेतले.

गाडी दारात येण्याआधीच माझी यादी तयार होती. इंजिनाखाली जाड पत्रा, हँडल उंच करायचे ठोकळे, हातांपुढे ढाली, खाचांचे टायर. खिशाला झेपतील अशा वस्तू, सवडीने एकेक. नवरा म्हणाला, नालेसाठी घोडं घेतलंस तू.

मिस्त्रीचं गॅरेज पेट्रोलपंपाच्या मागे होतं. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्याकृती रंगवलेली आणि तिच्यावर तोच पाना टांगलेला. माणूस तसाच, मोजका. पत्रा बसवायला तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा हात पुसत त्याने विचारलं, जुना पत्रा कधी काढला?

जुना नव्हताच, मी म्हटलं. त्याने मला वाकून बघायला लावलं. चौकटीच्या नळीवर दोन ठिकाणी रंग घासून लोखंड उघडं पडलं होतं. नव्या पत्र्याच्या पट्ट्या नेमक्या तिथेच बसल्या, आपल्याच चपलेत पाय जावा तशा.

मास्तर खोटं बोलले, एवढाच मी अर्थ काढला. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. नळीवरचा रंग अखंड होता. उजेडाचा परिणाम असेल, म्हणून सोडून दिलं.

पुढच्या महिन्यात ठोकळे आणि ढाली घेऊन गेले. हँडलवर दोन चकचकीत कडी उमटलेली होती, पट्टे आवळून काढल्यासारखी. आता माझा संशय मिस्त्रीवर गेला. पण माझे हात लहान, म्हणून ढाली नेहमीपेक्षा दोन बोटं आत घ्यायच्या, हे मी येताना वाटेतच ठरवलं होतं. कुणालाही बोलले नव्हते. कडी दोन बोटं आतच होती.

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. त्याच्याही डोळ्यांत संशयच होता.

"ताई, आधी कुणाकडे नेत होता ही गाडी?"

"कुणाकडेच नाही."

"अपघात झाला असेल तर सांगून टाका. माझ्यापासून लपवून काय मिळणार?"

मी तशीच मास्तरांकडे गेले. ते चष्मा लावून हँडलजवळ वाकले आणि त्यांचा चेहराच उतरला. गाडी चालवत नसलो तरी रोज पुसायचो, असे व्रण माझ्या हाताखालून सुटले नसते, असं ते हळूच म्हणाले. दुखावलेला माणूस बोलतो तसे बोलले. माझा विश्वास बसला, आणि तो न बसता तर बरं झालं असतं.

यादी मी फाडून टाकली. टायर घेतले नाहीत. तीन आठवडे काही झालं नाही.

मग एका गुरुवारी भर दुपारी ऑइल बदलायला गेले. मिस्त्रीने डाव्या मुठीकडे बोट दाखवलं. क्लचच्या दांड्याखाली तिसरं कडं होतं. अरुंद, खोल, कडा बोथट झालेल्या, आत मळ बसलेला. भिंतीवर असतं तर मी पाच-सहा वर्षांचं म्हणून नोंदवलं असतं.

"हे कशाचं?"

त्याने कपाटातून एक आखूड दांडा काढला. त्याला बारीक केबल लोंबत होती.

"मागचा ब्रेक हातावर घ्यायचा असेल, तर हा इथे बसतो."

"हातावर कोण घेतं?"

त्याने दांडा परत कपाटात ठेवला.

"ज्याला उजव्या पायाने दाबता येत नाही तो."

मी गाडी सुरू केली नाही. चार किलोमीटर ढकलत घरी आणली. नवऱ्याने त्याच संध्याकाळी गाडी विकायची जाहिरात टाकली.

शनिवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. उंच, हसतमुख नर्स होती. तिने अंगणात एक चक्कर मारली. गाडी तिला आवडली. मग उतरून ती खाली वाकली.

"उजवा फूटरेस्ट नवीन घातलात का?"

मी पाहिलं. डाव्या फूटरेस्टचे दाते माझ्या बुटाने झिजून सपाट झाले होते. उजव्याचे दाते टोकदार होते. खाचांत कारखान्याचा पिवळा रंग तसाच होता. तीन महिने मी रोज ही गाडी चालवली होती. त्या फूटरेस्टवर कधी कुणाचा पाय टेकलाच नव्हता.

विचार करून कळवते, म्हणून ती गेली.

ती वळणाआड गेल्यावर माझ्या लक्षात आलं, एवढा वेळ मी एकट्या डाव्या पायावर उभी होते.