दोन भोकांचं बटण

हॉलिवुडमधल्या स्वस्त स्टुडिओंच्या गल्लीत आम्ही सहा दिवसांत एक पिक्चर उरकायचो. हिरोची टोपी किती तिरकी होती, सिगारेट कुठवर जळली होती, हे टिपून ठेवणं माझं काम. पडद्यावरची नावंही माझ्याच कागदांवरून लिहिली जायची. डोळ्यांत तेल घालून बघायची मला सवय. भास होणाऱ्यांतली मी नव्हे.

१९५१च्या त्या पिक्चरमध्ये डिटेक्टिव्ह होता एमेट क्रेल. सरकारी चौकशीत त्याला कम्युनिस्ट मित्रांची नावं विचारली होती. त्यानं एकही सांगितलं नाही, म्हणून मोठ्या स्टुडिओंनी त्याला काळ्या यादीत टाकलं. पाचव्या दिवशी दुपारी तो मेकअपच्या खुर्चीतच गेला. कोट त्याचा स्वतःचा होता. आमच्याकडे सगळे घरचेच कपडे घालून काम करत. त्याच कोटात त्याला पुरलं. उजव्या बाहीचं तुटलेलं बटण मीच लावून दिलं होतं. बाकीची चार भोकांची, माझं दोन भोकांचं.

उरलेला प्रसंग डच प्रुइट नावाच्या दुसऱ्या नटाला भाड्याचा कोट घालून पाठमोरा घेतला. लांब बोळातून जायचं, शेवटच्या दारावर टकटक करायची. बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्माते गोरेलिकसाहेब आणि मी ते चित्रण बघत होतो. टकटक करणारा हात जवळून घेतला होता. बाहीवर दोन भोकांचं बटण होतं.

"साहेब, भाड्याच्या कोटाची सगळी बटणं सारखी होती."

"हेझल, तुझं डोकं फिरलंय." त्यांनी रुमालानं मान पुसली. "आणि पडद्यावरच्या यादीत एमेटच्या जागी डचचं नाव टाक. क्रेलचं नाव दिसलं तर एकही थिएटरवाला आपल्याला दारात उभं करणार नाही."

"पाच दिवस काम एमेटनं केलंय. मी खोटं लिहीत नाही."

"मग घरी बस!"

"बसते. यादी बदलायची तर स्वतःच्या हातानं बदला."

त्यांनी बदलली. मला इतका संताप आला, की पिक्चर लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाला मी तिकीट काढून बसले. नावांत सगळ्यात वर डच. शेजारचा माणूस आरामात शेंगा सोलत होता.

बोळ आला. पाठमोरा माणूस चालत गेला. दाराशी थांबला.

त्यानं टकटक केली नाही.

दार उघडून तो आत गेला.

असं आम्ही चित्रित केलंच नव्हतं. ते दार नुसतं भिंतीवर ठोकलेलं होतं. मागे विटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. साहेबांची सेक्रेटरी, इर्मा.

"हेझल, कुणीतरी साहेबांच्या दारावर कधीचा टकटक करतोय गं. नाव विचारलं तर बोलत नाही. वळूनसुद्धा बघत नाही. साहेब आतून ओरडतायत, कोण आहे म्हणून. तुमच्या पिक्चरमधला वाटतो."



"बाहीचं एक बटण वेगळं आहे?"

"हो. तुला कसं कळलं?"

घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण त्याचं नाव मी आधी गिळलं नव्हतं, आताही गिळणार नव्हते.

"लिहून घे," मी म्हटलं, आणि एमेटच्या नावाचं एकेक अक्षर सावकाश सांगितलं. "आता साहेबांना मोठ्यानं वाचून दाखव."

इर्मानं वाचलं. टकटक थांबली.

मग फोनवर साहेबांचं दार उघडल्याचा आवाज आला.