पहिल्या नगाचं कुंकू

या बाळांनो, अंमळ जवळ सरका. रिकाम्या टाकीवर कोकलणाऱ्या घंटेची गोष्ट ऐका.

२००१ सालची मे महिन्याची सुट्टी. गल्लीतली पोरं मामाच्या गावी पांगली होती. आरोहीला कुणी बोलावलं नाही. आई गेल्यापासून तिकडून पत्रही येत नसे. ती दिवसभर सातपूरला बाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसे. सोबतीला एकटा राजू, तिथे काम करणाऱ्या कुसाबाईंचा नातू.

बाबांनी पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा घडवली होती. टाकीत दोन तारा सोडायच्या. पाणी दोघींना टेकलं की त्यातून वीज धावते आणि घंटा वाजते. आठ महिने सर्किट आखलं, खोडलं, पुन्हा आखलं. दर खेपेला दहा नग बनत आणि शेडमध्ये प्रत्येक नग शहाण्यासारखा चाले. घंटा विकत घेणार असलेल्या कंपनीत पाठवलेला नमुना मात्र कोरड्या टाकीवर बोंबले, आणि परत आला की पुन्हा शहाणा. असं दोनदा झालं. आज तिसरा नमुना जायचा होता. तोही नापास झाला, तर बाबा पुण्याला नोकरीला आणि आरोही देवळालीला आत्याकडे.

"भूत हाय त्यात," राजू म्हणाला.

"मग ते पहिल्याच नगाला का धरतं? बाकीचे नऊ गप्प कसे?"

तेवढ्यात कुसाबाईंनी तपासलेला पहिला नग पाटावर ठेवला. आरोहीच्या आईने पाडलेली रीतच होती ती. पहिल्या नगाची पूजा, आणि पूजेचाच नग गिऱ्हाइकाला. त्यांनी ओलं कुंकू थेट सर्किटवर लावलं, दोन तारा जोडायच्या जागी.

"आजी, झाकण लावू नका. बाबा, बटण दाबा."

घंटा कोकलली. तारा तर अजून जोडल्याच नव्हत्या.

"कुंकवाची ओल तिला पाणीच वाटते," आरोही म्हणाली. "परत येईतो ते वाळतं."

बाबांनी हातातला आराखडा बाजूला ठेवला. "आणि मी कागदावर चूक शोधतोय."

कुसाबाईंचा चेहरा उतरला. "चंद्रभागाबाई लावायच्या, तसंच लावलं की म्या."

"आई झाकणावर लावायची, आजी."

मग राजूने नग पुसून वाळवला, आणि कुसाबाईंनी आरोहीचंच बोट धरून झाकणावर कुंकू टेकवलं.

संध्याकाळी नमुना पास झाला. कंपनीच्या साहेबांनी आरोहीची पाठ थोपटली. ती मात्र आईच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती.

बाळांनो, टाकी भरल्याची घंटा कधी ऐकलीत, तर चंद्रभागाबाईंची आठवण काढा. त्यांचं नाव घंटेच्या कुठल्याच डब्यावर छापलेलं नाही.