खिशातला फ्यूज

ती चुकीच्या बोटीत चढली होती. आणि हे तिला कळलं तेव्हा त्या बोटीतल्या स्पीकरच्या सगळ्या वायरी उपटून झाल्या होत्या!

"चोरी करताय की साफसफाई?"

दचकून उठताना तिचं डोकं बाकाच्या फळीवर आपटलं. धक्क्यावर एक उंच तरुण उभा होता, हातात बोटीची किल्ली.

"ही... सतरा नंबरची बोट ना?"

"एकोणीस. सतरा ती पलीकडची. माझ्या स्पीकरांना गंज चढला होता हे खरं, पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी... परत जोडून देते."

"गंजलेलेच? नको, आता नवेच बसवा, उस्ताद."

तो दातांचा डॉक्टर होता. ती वडिलांच्या दुकानात गाड्या-बोटींच्या म्युझिक सिस्टिमचं काम करायची. हात सफाईदार, पण पाण्याची मात्र लहानपणापासून धडकी. बोट धक्क्याला बांधलेली असेल तोवरच तिचं काम. चढण्याआधी ती दोन्ही दोरांच्या गाठी ओढून बघायची. डॉक्टरने ते पाहिलं, पण तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी तिथे तिसरा दोर बांधलेला होता.

"हा कशाला?" तिने विचारलं.

"उस्तादांना झोप नीट लागावी म्हणून."

त्या रात्री तिला मुळीच झोप लागली नाही, ही गोष्ट वेगळी!

पाच दिवस ती बाकाखाली पाठीवर पडून नव्या वायरी ओढत राहिली. गाण्यांसाठी तिने वेगळी बॅटरी बसवली, तिला वेगळं बटण दिलं. डॉक्टर दवाखाना आटोपून यायचा, टॉर्च धरायचा आणि भलतीकडेच उजेड पाडायचा.

"डॉक्टर, वायर इकडे आहे."

"हो का? मला वाटलं..." आणि टॉर्च पुन्हा तिच्या चेहऱ्यावर.

शेवटच्या संध्याकाळी तपासताना फ्यूज उडाला. तिने त्याच्या जागी वायरीचा तुकडा जोडून बाकीचं तपासलं आणि नवा फ्यूज दुकानातून आणला. ती तो बसवणार, तेवढ्यात डॉक्टरने विचारलं, "पहिलं गाणं कोणतं लावायचं?" त्यावर अर्धा तास वाद रंगला. ती हसत हसत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात तिने खिशात हात घातला, आणि फ्यूज हाताला लागला.

वायरीत जास्त करंट गेला की फ्यूज जळतो आणि वायर वाचते. फ्यूजच्या जागी नुसता वायरीचा तुकडाच असला तर वायर तापते. ती वायर पेट्रोलच्या टाकीला खेटून गेली होती. आणि डॉक्टर आज सकाळी बोट घेऊन जाणार होता.

तिने त्याला फोन लावला, तो वाजत राहिला. पुन्हा केला. पुन्हा नुसताच वाजला. ती धावत धक्क्यावर आली तर एकोणीस नंबरची जागा रिकामी. तिन्ही दोर नुसते लोंबत होते.

"ते काय, तो पांढरा ठिपका," चौकीदार काका म्हणाले.

"काका, मला तिथे न्या."

"तू? अगं पोरी, तू तर धक्क्याच्या कडेलासुद्धा येत नाहीस! मीच सांगतो जाऊन त्यांना."

"कुठली वायर ते मलाच माहीत आहे. चला ना, काका!"

काकांची होडी हातभर रुंद. पाणी इतकं जवळ की शिंतोडे ओठांवर येत होते. ती फळी घट्ट धरून बसली होती. डोळे मिटावेत तर धूर दिसणार नाही, आणि उघडे ठेवावेत तर चहूकडे पाणी. तिने डोळे उघडेच ठेवले. मध्येच पांढऱ्या बोटीमागे करडं काहीतरी उठलं आणि ती फळी सोडून उठायलाच निघाली... पण तो इंजिनाचा नेहमीचा धूर होता.

"डॉक्टर! इंजिन बंद करा! गाणी बंद करा!"

त्याने इंजिन बंद केलं. "गाणी लावलीच कुठे?"

ती कशीबशी पलीकडे चढली, बाकाखाली शिरली. वायर थंडगार. बटण बंद. मग मात्र तिला रडू फुटलं.

"माझी चूक झाली. फ्यूज बसवायचा राहिला. आग लागली असती... आणि तुम्ही फोन का उचलत नाही हो?"

"फोन खाली बॅगेत होता, इंजिनापुढे काय ऐकू येणार?" तो गुडघ्यांवर बसला. "आणि पहिलं गाणं तुमच्याशिवाय ऐकवेना. पण तुम्हाला इथवर बोलवणार कसं? तुम्ही पाण्याला घाबरता."

"आज दुसऱ्याच गोष्टीला जास्त घाबरले."

"कशाला?"

"तुम्हाला... तुम्हाला काही झालं असतं तर! कळत कसं नाही तुम्हाला?"

"कळतं," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशी डोकं आपटून घेतलंत, तेव्हापासून माझंही ठिकाणावर नाही."

तिने वायरीचा तुकडा काढला, फ्यूज बसवला. या वेळी त्याने टॉर्च बरोबर जागी धरला. मग तिने बटण दाबलं आणि तिचंच गाणं सुरू झालं — वाद तो हरला होता तर!

"पोरी, थांबू की जाऊ?" काकांनी होडीतून विचारलं.

तिने सभोवार पाहिलं. सगळीकडे पाणी, दोर एकही नाही. तिने डॉक्टरची बाही घट्ट पकडली.

"जा काका. पण हळू जा... बोट हलते."