गरम होईपर्यंत

मोबाइल खाली ठेवा, तरच सांगतो. आपल्या काळाचौकीच्या चाळीतल्या जयवंतचं आहे हे, माझ्या शेजारच्या खोलीतल्या.

गेल्या वर्षी पिठोरी अमावास्येच्या संध्याकाळी तो लालबागहून इंजिन ऑइलचा डबा घेऊन आला. डबा मुलाच्या गाडीसाठी. सिद्धांतची ती जुनी जपानी स्पोर्ट्स कार, रोटरी इंजिनची. ते इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळतं, म्हणून सारखं भरत राहावं लागतं. आणि एकदा चालू केलं, की गरम होईपर्यंत बंद करायचं नाही. डेंग्यूने जाण्याआधी पोराने बापाला एवढंच बजावलं होतं. दर रविवारी जयवंत ते पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. पोराचा म्हणून तेवढाच आवाज उरला होता.

पण त्याच्या आठवडाभर आधी मंडळाची मूर्ती गल्लीत यायची होती. गाडी दहा फूट मागे घ्या, असं कार्यकर्ते सांगून गेले. ढकलायची सोडून या शहाण्याने ती चालू केली, मागे घेतली आणि लगेच बंद केली. इंजिन पेट्रोलने तुंबलं. मनू मेकॅनिकने प्लग काढले, बॅटरी काढली, तपासलं.

"काका, आतली सीलं गेलीत," तो म्हणाला. "हे आता चालू व्हायचं नाही."

प्लग आणि बॅटरी तो परळच्या गॅरेजला घेऊन गेला. तरी जयवंतने त्या संध्याकाळी तेल मोजपट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरलंच. सवय जात नाही. बायकोने, सुमतीने, त्या वर्षी मुलासाठीचं पिठोरीचं वाण केलं नव्हतं. कोणासाठी करणार होती ती?

रात्री दोन चाळीसला जयवंतला जाग आली.

खाली इंजिन चालू होतं.

तो अनवाणीच उतरला. गल्लीत कोणी नाही. गाडीला लॉक. किल्ली याच्या मुठीत. काचेतून आत पाहिलं... सीट रिकामी. बॉनेटवर हात ठेवला. कोमट.

"सिद्धांत?"

इंजिन घरघरतच होतं.

"चुकलो रे मी. वर चल. आई जागी आहे."

हात भाजू लागला. त्याने काढला नाही. पंधरा मिनिटं. पुरती पंधरा. मग बंद.

तो उजाडेपर्यंत तिथेच बसून होता. तो आवाज परत कधीच आला नाही. सकाळी मनूने बॉनेट उघडलं. प्लगची चारही भोकं उघडीच होती. जयवंतने तेलाची पट्टी ओढून पाहिली.

तेल खालच्या खुणेवर आलं होतं. गाडीखाली एक थेंबही नव्हता.