दोघींच्या सायकली

मी उतारावरून घसरले ती थेट त्याच्या पायांत जाऊन पडले.

शनिवारची सकाळ होती. हुल्स्तेबेक गावाबाहेरच्या कुरणावर दव गोठून पांढरं झालं होतं, आणि आम्ही मुली सायकल शर्यतीआधीची सरावाची फेरी मारून त्या पांढऱ्याचा काळा रबरबाट करत होतो. वळणावर आधी माझं पुढचं चाक गेलं, मग मी गेले, मग कडेला बांधलेली फीत तुटली... आणि डोळे उघडले तेव्हा माझ्या हेल्मेटवरून काहीतरी गरम, लाल ओघळत होतं.

"रक्त?" मी घाबरून विचारलं.

"टोमॅटोचं सूप," वरून एक दुःखी आवाज आला. "आत्ताच घेतलं होतं. एक घोटसुद्धा झाला नव्हता..."

सुपातला खिम्याचा एक गोळा माझ्या हँडलच्या बेचक्यात अडकून बसला होता. त्याने तो उचलला, नीट निरखला, आणि सरळ तोंडात टाकला. मी चिखलात पालथी पडल्या पडल्या खो खो हसायला लागले.

"हसता येतंय म्हणजे हाडं शाबूत आहेत," तो म्हणाला आणि हात पुढे केला. त्या थंडीतही तो हात उबदार होता. लाल झालेलं नाक, कानांपर्यंत ओढलेली टोपी, आणि करडे डोळे... ते माझ्याकडे बघून हसत होते की सुपासाठी हळहळत होते, कळेना.

"मी वानेस."

"एल्के. तुमचं सूप भरून देईन मी."

"देच. पण आधी ते 'तुम्ही' काढून टाक. म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

त्याच्या दुसऱ्या हातात एक निळी सायकल होती. लखलखीत. माझं लक्ष त्या सायकलकडे आधी गेलं, आणि मग ती त्याची नाही हे लक्षात आलं. त्याच्या उंचीला ती फारच लहान होती.

"कोणाची?"

"योलीनची. मी नुसता धरणारा."

आमच्या शर्यतीत प्रत्येकीच्या दोन सायकली असतात. एकीवर चिखल चढला की पिटमध्ये शिरायचं, ती टाकायची, दुसरी घ्यायची. आणि तेवढ्यात कोणीतरी पहिली धुऊन ठेवायची. माझं ते 'कोणीतरी' म्हणजे पपा. पण शुक्रवारी पपांची कंबर धरली, आणि माझी दुसरी सायकल पिटच्या कुंपणाला एकटीच टेकून उभी होती. हे सगळं मी त्याला का सांगितलं? त्याने विचारलंही नव्हतं.

"मला दोन हात आहेत," तो म्हणाला.

"एकात योलीनची सायकल आहे."

"म्हणूनच एक रिकामा आहे."

शर्यत सुरू झाली. फळ्यांवरून उड्या मारायच्या, सायकल खांद्यावर टाकून चढावर पळायचं, पुन्हा बसायचं... एरवी मी हे सगळं दातओठ खात करते. त्या दिवशी मात्र प्रत्येक फेरीत मी पिटची वाट बघत होते. तो माझी सायकल धरून तयार उभा असायचा. "डावीकडून जा, तिथे गवत शिल्लक आहे!" एवढंच तो ओरडला, आणि मला वाटलं, जगात इतकी गोड गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती.

मग मी योलीनला पाहिलं.

ती माझ्या बरीच पुढे होती. मी पिटजवळ पोचत होते तेव्हा ती सायकल बदलून निघत होती. निघता निघता ती काहीतरी बोलली आणि वानेस हसला. मान मागे टाकून, मनापासून. माझं काम कानाचं आहे. मी आल्स्टमधल्या एका दुकानात लोकांना श्रवणयंत्रं बसवून देते. हसण्याहसण्यातला फरक मला कळतो. ओळखीच्या माणसाशी हसतात तसं ते हसणं नव्हतं. ते फार जुनं, मुरलेलं हसणं होतं.

त्याच्या हातातली माझी सायकल मी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

अगं वेडे, मी स्वतःलाच म्हटलं, तुला त्याचं आडनाव तरी माहीत आहे का? पण पाय ऐकेनात. रागाने मी मधल्या दोन मुलींना मागे टाकलं.

शर्यतीनंतर सायकली धुवायच्या रांगेत तो उभा होता, एका हाताला तिची, एका हाताला माझी. फवाऱ्याच्या वाफेत त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी आम्हा दोघांसाठी दोन सूपं घेऊन येत होते... तेवढ्यात योलीन मागून आली आणि तिने आपले दोन्ही गारठलेले हात त्याच्या कॉलरमधून सरळ मानेत घातले. तो दचकला नाही. नुसता म्हणाला, "योलीन, हातमोजे घाल गं."

असे हात कोणी कोणाच्याही मानेत घालत नाही.

मी दोन्ही सूपं कठड्यावर ठेवली आणि माझी सायकल ओढून घेतली.

"उद्या समुद्राकाठच्या शर्यतीला आहेस ना?" त्याने विचारलं. "मी धरतो तुझी..."

"उद्या पपा येणार आहेत," मी खोटंच सांगितलं.

"अच्छा." त्याचा चेहरा एवढासा झाला. त्याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

घरी पपा पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पडले होते. मी भांडी जरा जोरातच आपटली असावीत.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"त्या कोणी-नाहीचं नाव काय?"

"पपा!"

"उद्या येतोच मी. बघायलाच हवा."

आणि खरंच आले. घडीची खुर्ची, गुडघ्यांवर घोंगडी, खिशात जेनेव्हर दारूची चपटी बाटली. समुद्रावरून वारा असा येत होता की वाळू गालांना टोचत होती. पिटच्या बाहेर बूड टेकवल्या टेकवल्या त्यांनी हाक मारली, "ए पोरा! तूच का तो कालचा? माझी कंबर गेलीय, हिची सायकल तूच धर."

मला वाळूत तोंड खुपसावंसं वाटलं. वानेस आला. माझी सायकल हातात घेतली. माझ्याकडे बघितलं नाही, चाकाकडेच बघत राहिला.

"हवा कमी करतो. वाळूत बरं पडेल."

"योलीन तुझी कोण?" मी विचारलं. असंच, धाडकन.

तो थांबला. "चार वर्षं आम्ही एकत्र होतो. उन्हाळ्यात संपलं."

"तू सोडलंस?"

"तिने."

हे उत्तर मला नको होतं. त्याने सोडलं असतं तर गोष्ट वेगळी. पण जी सोडून गेली तिच्या सायकलीवरचा चिखल कोण धुतं? ज्याचं मन अजून तिथेच आहे तोच ना...

"मग इथे काय करतोस?"

"हिवाळाभर उभा राहीन असं म्हटलं होतं तिला. ऐन मोसमात दुसरं माणूस कुठून आणणार ती?"

"फार भला आहेस रे तू," मी म्हटलं. ते शब्द माझ्या तोंडून शिवीसारखे बाहेर पडले. तो काही बोलणार होता, पण सगळ्यांना रेषेवर बोलावलं, आणि मी गेले.

त्या दिवशी मी जशी चालवली तशी कधीच चालवली नव्हती. वाळूच्या टेकडीवर बाकीच्या उतरून पळत होत्या, मी बसून चढत होते. शेवटून दुसरी फेरी अर्धी झाली तेव्हा पुढे फक्त दोघी होत्या, आणि त्यातल्या दुसरीच्या चाकाला मी चिकटले होते. ती योलीन होती. तिने मान वळवून मला पाहिलं.

"कालची ना तू? वानेसची सूपवाली?"

म्हणजे त्याने तिला सांगितलं होतं! आमचं सूप... त्याने तिला सांगितलं!

"चांगली चालवतेस," ती धापा टाकत म्हणाली. "पण पिटमध्ये माझी सायकल आधी देईल तो. सवय आहे त्याला."

ती टोचून बोलली की सहज, कोण जाणे. पुढे पिट दिसत होतं. वानेस मध्ये उभा, दोन्ही हातांत दोन सायकली. माझ्या चेनमधून वाळू करकरत होती. सायकल बदलायलाच हवी होती. योलीन आत वळली. मला दिसलं ते एवढंच, की त्याचा निळ्या सायकलीचा हात पुढे आला.

मी वळलेच नाही. सरळ पुढे गेले.

"एल्के! सायकल! एल्के...!"

वाऱ्यात त्याची हाक मागे पडली. मी दुसरी होते! मूर्खासारखी, अभिमानाने फुगलेली दुसरी! पुढची टेकडी चढताना मी उभी राहून जोर लावला, आणि काड्कन आवाज झाला. चेन तुटली होती.

योलीन मला ओलांडून गेली. मग आणखी एक. मग सगळ्याच.

मी सायकल खांद्यावर घेतली आणि वाळूतून पळायला लागले. जवळजवळ अख्खी फेरी. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, असं मी समजत होते. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा मी एकटीच उरले होते, आणि पिटपर्यंत पोचायच्या आधीच पलीकडून घंटा, आरडाओरडा आणि कर्ण्यावरून नाव ऐकू आलं. योलीन जिंकली होती.

पिटमधली सगळी माणसं तिकडे धावली होती. रिकाम्या बादल्या, लोळणारे पाइप... आणि मध्ये वानेस. माझी सायकल धरून.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. मला धाप लागली होती.

"योलीन जिंकली," मी म्हटलं.

"ऐकलं."

"मग तू तिकडे का नाहीस?"

"तुझी सायकल कोण धरणार?"

"मी शेवटची आहे, वानेस."

"म्हणजे घाई नाही." त्याने खिशातून रुमाल काढला आणि माझ्या पापण्यांवरची वाळू अलगद टिपली. "का नाही वळलीस? दोन्ही सायकली तयार होत्या."

"मला राग आला होता."

"कशाचा?"

"तुझ्या हसण्याचा! ती बोलली की कसा हसतोस तू..."

"काल ती काय म्हणाली माहीत आहे? 'त्या लाल हेल्मेटवालीकडे बघत बसलास आणि माझी सायकल उलटी धरलीस.'" त्याचे कान टोपीखालीही लाल झालेले दिसले. "धरली होती. खरंच."

मी बोलायला तोंड उघडलं तर आत वाळू गेली.

"तिच्यासाठी उभा होतो ते शब्दासाठी," तो हळूच म्हणाला. "आत्ता उभा आहे ते... मला उभं राहायचं होतं म्हणून."

मी त्याच्या जाकिटाची बाही धरली. धरूनच राहिले.

"जा," तो म्हणाला. "शर्यत पुरी कर. नाहीतर तुझे पपा मला फाडून खातील."

मी शेवटची आले. दुरून टाळ्या वाजल्या, बहुतेक दयेच्या. रेषेपलीकडे वानेस धापा टाकत उभा होता. वाळू तुडवत माझ्याआधी पोचला होता. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि तेवढ्यात योलीन फुलांचा गुच्छ घेऊन आली. तिने आमचे हात पाहिले.

"पुढच्या रविवारी?" तिने त्याला विचारलं.

"पुढच्या रविवारी नाही, योलीन. दुसरं माणूस मिळेपर्यंत म्हणशील तर... पण हिची सायकल आधी."

"हिवाळाभर म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. चुकलं माझं."

योलीनच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. कालपासून तेच मी मनात वागवत होते. मी मोठ्या मनाने काहीतरी बोलायला हवं होतं. 'अगं, तुझीही धरू दे त्याला,' असं काहीतरी. जीभ नाही वळली. तिनेच मान हलवली. "माझा भाऊ धरेल," ती म्हणाली आणि फुलं छातीशी घट्ट धरून गर्दीत गेली. तिची पाठ ताठ होती. दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडेच बघत होते, वानेस बघतोय का ते बघायचं सोडून.

तो बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"चला," तो म्हणाला. "फ्राइज खाऊ. तिघं."

तिघं, कारण पपा खुर्चीत अडकले होते. थंडीने कंबर पुन्हा धरली होती. वानेसने त्यांना एका बगलेत धरलं, मी दुसऱ्या. पपांच्या पाठीमागे आमचे हात एकमेकांना सापडले, आणि आम्ही दोघंही उचलायचं विसरलो. त्याचा चेहरा माझ्याकडे झुकला. ओठांवर खारी वाळू होती... दोघांच्याही.

"मी अजून इथेच आहे हं," मधून पपा म्हणाले. "आणि अर्धाच उठलोय."