डग्लसची ठिणगी कुठे गेली?

"ढकला! अजून जोरात! संदेश, दमलास की काय?"

"मी नाही दमलो, काका! तुमची गाडीच हट्टाला पेटलीय!"

भाजे गावच्या रस्त्यावर सकाळीच ही वरात निघाली होती. पुढे निळ्या-चंदेरी टाकीची जुनी मोटारसायकल, तिच्यावर निलेशकाका आणि मागून ढकलणारे तिघे जण. दिवाळीच्या सुट्टीसाठी तळेगावहून काकांकडे आलेली समीक्षा, तिचा धाकटा भाऊ संदेश आणि डोंगरावरच्या वाडीतली त्यांची मैत्रीण गंगी. या गाडीला किक नव्हतीच. ती ढकलूनच सुरू व्हायची. पण आज ती साधी फुरफुरतही नव्हती!

"थंडी बाधली असेल," काका घाम पुसत म्हणाले.

"घाम येतोय आणि थंडी बाधली?" समीक्षाने विचारले.

गाडी 'डग्लस' कंपनीची होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची, शंभर वर्षांहून जुनी. गंगीच्या आजोबांचे, म्हणजे रखमाजी आबांचे वडील लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर कामाला होते. साहेब विलायतेला परतला आणि जाताना गाडी त्यांना देऊन गेला. पुढे ती बंद पडली, ती कायमचीच. अनेक वर्षे ती वाडीतल्या गोठ्यात पेंढ्याखाली पडून होती. आंबीच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या काकांनी ती आबांकडून मागून आणली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भाग जोडत तिला उभी केली. उद्या लोणावळ्यात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन होते. तिथे आबा येणार होते. त्यांना फक्त एकदा तिचा आवाज ऐकायचा होता.

"आबांनी कोरा सदरा काढून ठिवलाय," गंगी हळूच म्हणाली. "गाडी चालूच झाली न्हाई, तर त्यांना काय सांगू?"

गाडी अंगणात आणून उभी केली आणि काका पाणी प्यायला आत गेले. गंगी इंजिनाजवळ वाकली. तिने केसातली पिन काढली, इंजिनावरच्या घोड्याच्या नालासारख्या चुंबकाजवळ नेली आणि सोडली.

पिन खाली पडली!

"आँ? समीक्षा, हितं बघ! ही पिन चिकटंना!"

समीक्षा धावतच आली. हा त्यांचा रोजचा खेळ होता. पिन सोडली की ती टपकन उडी मारून चुंबकाला चिकटायची. या गाडीला बॅटरी नव्हती. तो चुंबक आणि त्यामधली तांब्याच्या तारेची गुंडाळी मिळून पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडायची. काका त्या सगळ्या यंत्राला मॅग्नेटो म्हणायचे.

"परवापर्यंत तर चिकटत होती!" समीक्षा म्हणाली. "मग काल काय झालं?"

"काल गाडी विक्कीदादाकडे होती," संदेश कुजबुजला. "कार्ल्याला, पॉलिश करायला!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

त्यांनी काकांना गाठले, पण काका हसले. "अरे, जुन्या चुंबकाची ताकद जाते कधीकधी. विक्कीवर संशय घेता? जुन्या गाड्यांचा केवढा जाणकार तो! थांबा, त्यालाच बोलावतो."

थोड्याच वेळात विक्की आला. डोळ्यांवर काळा गॉगल, पायात चकाकते बूट. गाडीकडे त्याने नीट पाहिलेसुद्धा नाही.

"निलेशभाऊ, म्हातारी गाडी आहे. उद्या नुसती उभी करून ठेवा. आणि हो, काही उघडू नका हां! सगळं बिघडेल!"

संदेशने भाबडा चेहरा केला. "विक्कीदादा, ही डग्लस कंपनी गाड्यांच्या आधी काय बनवायची हो?"

"बंदुका!" विक्की बेधडक म्हणाला. "लष्करी कंपनी ती!" आणि तो निघून गेला.

फाटक लागताच समीक्षा उसळली. "बंदुका? काका, तुम्हीच सांगितलंत ना? डग्लस बंधूंचं आधी लोहारकाम होतं. मग ते बुटांचे लोखंडी साचे ओतायला लागले!"

"आणि या इंजिनाची कल्पना बार्टर नावाच्या इंजिनिअरची!" संदेश म्हणाला. "दोन आडवी सिलिंडरं, एक पुढे, एक मागे. त्याचा धंदा बुडाला, म्हणून तो डग्लसकडे आला. लष्कराने या गाड्या घेतल्या, पण नंतर, पहिल्या महायुद्धात!"

"बरोबर आहे रे," काका पुटपुटले. आता त्यांच्याही कपाळाला आठी पडली. "आणि 'उघडू नका' असं का म्हणाला तो?"

त्यांनी मॅग्नेटो काढला. हातात घेताच त्यांचा चेहरा उतरला. तो कितीतरी हलका होता! पान्याच्या टोकाने त्यांनी काळा रंग खरवडला. खाली चक्क ॲल्युमिनियम! आत गुंडाळी नाही, काही नाही. हुबेहूब, पण नुसता देखावा!

"फसवलं मला!" काका ओट्यावर मटकन बसले. "आणि मीच माझ्या हाताने गाडी दिली त्याला!"

"आपला मॅग्नेटो ओळखायचा कसा?" समीक्षाने विचारले. "काही खूण?"

काका ताडकन उठले. "आहे की! आतली दातेरी चाकं नेमकी जुळवायला मी एका दात्याला रंग लावला होता. तुझंच पोपटी नेलपॉलिश! मॅग्नेटोच्या चाकावर, झाकणाच्या आत. थांब, त्याला फोनच लावतो!"

"नको!" तिघेही एकदम ओरडले.

"फोन केलात तर तो लपवून ठेवेल," समीक्षा म्हणाली. "डग्लसचा मॅग्नेटो चोरला, म्हणजे कुठल्या तरी डग्लसलाच लावणार. ती उद्या प्रदर्शनात येणारच!"

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या मैदानात गाड्यांची रांग लागली होती. कोरा सदरा घातलेले रखमाजी आबा टेम्पोतून आणलेल्या काकांच्या मुक्या गाडीशेजारी खुर्चीवर बसले होते. गंगी त्यांच्याकडे पाहायचे टाळत होती. आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला... आणखी एक डग्लस! तिचे मालक श्रीपतीशेठ कौतुकाने मिशा पिळत होते आणि शेजारी विक्की उभा होता!

गंगी सहज फिरत फिरत तिकडे गेली. तिने पिन हळूच पुढे केली. टप्प! पिन चिकटली! गंगीने समीक्षाकडे बघून होकाराची मान हलवली.

समीक्षाला वाटले, 'आपला अंदाज चुकला तर? एवढ्या माणसांत काकांचीच शोभा होईल!' पण ती पुढे झाली.

"विक्कीदादा, किती छान गाडी! हा मॅग्नेटो नवा बसवलाय का?"

"छे छे! मूळचा आहे, कंपनीतून आला तसा!" विक्की लोकांना ऐकू जाईल असे म्हणाला.

"मग कोणी उघडून दुरुस्त केला असेल?"

"मुळीच नाही! ते झाकण शंभर वर्षांत कोणी उघडलेलं नाही. शपथेवर सांगतो!"

"हो?" समीक्षाने आवाज चढवला. "मग झाकणाच्या आत माझं पोपटी नेलपॉलिश कसं असेल?"

विक्कीचा चेहरा पांढराफटक पडला. "क... काय बडबडतेस? शेठ, पोरांना हाकला!"

श्रीपतीशेठनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "हाकलू की! आधी झाकण उघड. पोरगी खोटी असेल, तर आत्ता कळेल."

"शेठ, पाने नाहीत..."

"हे घ्या!" संदेशने काकांची पान्यांची पिशवीच पुढे केली.

झाकण निघाले. लोक वाकून पाहू लागले. तेलकट दात्यावर पोपटी ठिपका चमकत होता!

विक्की मागच्या मागे सटकू लागला, पण शेठचा भला थोरला हात त्याच्या खांद्यावर पडला. "कुठं निघालास? मला म्हणालास, ओळखीतून मिळवला! पोलिसांसमोर सांग आता, कोणाच्या ओळखीतून ते!"

मग विक्कीला इतरांच्या ताब्यात देऊन शेठ काकांसमोर आले. "निलेशराव, चूक माझीही आहे. वस्तू कुठून आली, हे मी विचारलंच नाही. आधी तुमची गाडी सुरू करा."

"आणि मी पोरांचं ऐकलंच नव्हतं!" काका म्हणाले. "या तिघांची नजर नसती, तर मी आजही त्या चोराला जाणकारच म्हणत बसलो असतो. शाब्बास रे पोरांनो!"

मॅग्नेटो जागेवर बसला. काकांनी दातेरी चाके जुळवली. तिघे मागे लागले आणि या वेळी स्वतः शेठही ढकलायला आले!

"ढकला!"

फट्... फट्फट्... फट्फट्फट्फट्! डग्लस बोलू लागली! मैदानभर टाळ्यांचा कडकडाट झाला.

रखमाजी आबा काठी टेकत उठले. थरथरणाऱ्या टाकीवर त्यांनी हात ठेवला. "आमचा बा मला हितं, टाकीवर बसवायचा," ते म्हणाले.

"आबा, आवाज तसाच हाय का?" गंगीने विचारले.

आबांनी कान दिला. "व्हय, तसाच हाय. लय गोड!" मग ते काकांकडे वळले. "निलेश, आता मला मागं बसव. आन् हळू न्हाई चालवायची, सांगून ठिवतो!"